पिवळ्या टेकाडाची माती

शेवटच्या भिंतीला एक गाडी माती कमी पडली, म्हणून सालोमत सकाळची नानची टोपली स्टेशनवर रिकामी करून तशीच टेकाडाकडे निघाली. गाढव आणि गाडी उसनी आणलेली, कुदळ-फावडं गवंड्याचं. मागे रिकाम्या पोत्यांवर तिची मुलगी इनोबत पाय हलवत बसली होती. हवेत गारवा होता. पाटाच्या कडेच्या तुतींना नुकती पालवी फुटत होती, आणि सालोमतच्या डोक्यात भिंतीनंतर घालायच्या छपराशिवाय दुसरं काही नव्हतं.

सारीतेपा गाव त्या दिवसांत वाढत नव्हतं, उतू जात होतं. फरगाण्याच्या खोऱ्यातलं हे एवढंसं गाव. पूर्वी कुणी छपराचा एक वासा बदलला तरी चहाच्या टपरीवर महिनाभर बोलायला विषय मिळायचा. मग आगगाडी आली. तिच्यामागून कापसाची सरकी काढायचा कारखाना आला, कारखान्यामागून दलाल, तोलाईवाले, तातार शिंपी, रशियन कारकून. सगळ्यांनाच घर हवं होतं आणि सगळ्यांनाच ते हिवाळ्याच्या आत हवं होतं. गवंड्याला जावयासारखं जपावं लागायचं. गावभर ओल्या चिखलाचा आणि ताज्या कापलेल्या पॉप्लरचा वास भरून राहिला होता.

आणि या सगळ्याला माती लागायची ती टेकाडाची. गावाला ज्याच्यावरून नाव पडलं ते पिवळं टेकाड वेशीबाहेर होतं. तिथे फार पूर्वी कुणाची तरी वस्ती होती म्हणत. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारे नुसते हात हलवून "अगोदरचे" एवढंच म्हणायचे. पण त्यांच्या पडून गेलेल्या भिंतींची ती माती एकदा तुडवलेली, मुरलेली, खारटपणा निघून गेलेली. भिंतीत घातली की दगडासारखी बसायची. अख्खी नवी वस्ती त्याच मातीची उभी राहिली. टरबूज एका बाजूने खात जावं तसं लोकांनी टेकाड अर्धंअधिक खाऊन टाकलं होतं.

सालोमतने बुरख्याचं तोंडावरचं जाळं मागे टाकलं, झग्याची कड खोचली आणि कुदळ चालवायला सुरुवात केली. थोड्या वेळात कुदळ पोकळ जागी गेली. माती ढासळली आणि आत एक गोल, काळं, काजळी धरलेलं तोंड उघडं पडलं.

"आई, हा तर तंदूर आहे," इनोबत म्हणाली.

"असेल. माणसं राहत होती, तर भाकर लागतच असणार."

सालोमतने खांद्यापर्यंत हात आत घातला. तिचा रोजचाच हात तो, तंदुरात जाऊन जाऊन कोपरापर्यंत केस जळालेला. आत ऊब होती. खड्डा सावलीत होता, रात्री दहिवर पडलं होतं, आणि तरी आत ऊब होती. शेवटची नान काढून थोडाच वेळ झाल्यावर तंदुरात जशी राहते, नेमकी तशी.

तिने हात काढून घेतला. इनोबत बघत होती.

"काय गं आई?"

"काही नाही. ऊन लागलंय."

मग तिने कुदळ उचलली, तो तंदूर फोडला आणि त्याची मातीही गाडीत भरली. माती ती माती. रिकाम्या हाती परत जायला ती आली नव्हती.

नव्या वस्तीत जागा मिळायची अट साधी होती. भिंती उभ्या करा, छप्पर घाला, आणि पुढच्या नवरोजपर्यंत, वसंतातल्या नव्या वर्षापर्यंत, त्यात राहून दाखवा. राहिलात तर जागा तुमची, सोडून गेलात तर दुसऱ्याची. सालोमतचा नवरा रूळ टाकायच्या कामावर तापाने गेला, तेव्हा इनोबत रांगत होती. तेव्हापासून मायलेकी दिराच्या अंगणात, तबेल्याला लागून असलेल्या खोलीत राहिल्या. दीर सोतिबोल्दी वाईट माणूस नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. फक्त ती खोली कुणाची आहे याची तो रोज आठवण करून द्यायचा. कधी शब्दांनी, कधी दारातून जाताना थांबून नुसतं आत बघून. "इनोबत मोठी झाली," तो म्हणायचा, "आता तिचं लग्न झालं की ही खोली रिकामी होईल." सालोमतचं काय होईल, ते म्हणायचा नाही.

त्या मातीची भिंत खोलीच्या पश्चिमेला उभी राहिली. गवंडी नोरमत उस्ताने वरून भुसा कालवलेला गिलावा फिरवला, कोनाडे काढले, वर वेताच्या चटया आणि माती घालून छप्पर केलं. समोर ओसरी, अंगणात तंदूर, आणि गल्लीच्या तोंडाला दार. दाराला आतून लावायची कडी होती. पहिल्या दिवशी सालोमतने ती कडी उगाचच चार वेळा लावून काढली.

सोतिबोल्दी बघायला आला. जोडे न काढता ओसरीच्या कडेला उभा राहिला, भिंतींवर नजर फिरवली.

"बांधलंस बरं," तो म्हणाला. "पण बाईमाणूस एकटं, पदरात वयात आलेली पोर. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, सालोमतने घर बांधलं."

"तुझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतंच."

"आता दाराला आहे, भावजी. तोंडाला कशाला लागतंय?"

तो हसला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "जमलं नाही तर सांग. या जागेवर माझी कापसाची वखार बरी बसेल."

उन्हाळा तापला. ज्या दिवसांत पाटाचं पाणीसुद्धा कोमट होतं आणि कुत्री गल्लीत न भुंकता पडून राहतात, ते दिवस. दुपारी कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि गाव जागच्या जागी आडवं व्हायचं. दुकानांवर चटया खाली यायच्या. गल्लीत एक माणूस दिसायचा नाही. रात्रीच्या अंधारात निदान कुठे दिवा असतो, कुणी खोकतं. त्या भर दुपारच्या उजेडात काहीच नसायचं.

अशाच एका दुपारी सालोमत गार फरशीवर पडली होती. इनोबत शेजारी झोपलेली. डोळा लागत होता, तेवढ्यात आवाज आला.

थप... थप... थप...

कुणीतरी कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर थापत होतं. सालोमत डोळे मिटूनच ऐकत राहिली. हात छान बसलाय, तिला वाटलं. घाई नाही, कुठे जोर जास्त नाही. मग जळक्या कडेच्या भाकरीचा वास आला. गव्हाची नव्हे, सातूची.

इतक्या उन्हात कोण तंदूर पेटवतंय, असं मनात येऊन तिने डोळे उघडले. आवाज पश्चिमेच्या भिंतीतून येत होता. त्या भिंतीपलीकडे घर नव्हतं.

ती उठून बाहेर गेली, भिंतीला वळसा घातला. पलीकडे चिखल कालवायचा खड्डा, वाळून फुटलेली माती, तिच्यावर एक सरडा. उन्हाशिवाय काही नाही. ती परत खोलीत आली. थप... थप... भाकरीचा वास आता आणखी जवळून येत होता. ती भिंतीकडे पाठ करून बसून राहिली. कारखान्याचा दुसरा भोंगा झाला आणि आवाज थांबला.

तिने कुणाला सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी समोरच्या घरातली गैनीकमाल पाणी न्यायच्या निमित्ताने आली आणि घागर भरली तरी जाईना. गैनीकमाल तातार, तिचा नवरा रेल्वेच्या गोदामात होता. एरवी तिची जीभ गल्लीभर फिरायची.

"आपा," तिने हळूच विचारलं, "तुमच्याकडे दुपारी... काही ऐकू येतं?"

सालोमतची नजर पश्चिमेच्या भिंतीकडे गेली. गैनीला ते पुरलं.

"आमच्याकडे पाणी ओततात," ती म्हणाली. "एका घागरीतून दुसऱ्या घागरीत. मी म्हटलं, पाट झिरपत असेल. पण परवा... ओतता ओतता थांबले. आणि कुणीतरी भिंतीच्या अगदी लगत येऊन उभं राहिलं. कळतं ना आपा, दारापलीकडे माणूस उभं असलं की... तसं."

"भूत असतं तर रात्री आलं असतं."

"भूत नाहीत ते." गैनीने आवाज आणखी खाली आणला. "मला वाटतं... त्यांची दुपारची जेवणं चाललीयत."

मग कळलं की गल्लीतल्या प्रत्येक घरात काही ना काही होतं. कुठे पाळणा हलत होता, कुठे म्हातारं माणूस खाकरत होतं. मुल्लांना बोलावलं. ते एकेका घरात बसून पठण करून गेले. पठण चालू असेपर्यंत भिंती अगदी शांत होत्या. पाहुणा बोलत असताना घरची माणसं गप्प बसावीत, तशा. ते उठून गेल्यावर पाळणा पुन्हा हलू लागला.

सगळ्यात आधी गल्लीतला तोलाईवाला गेला. गडी तापट, त्याने कुदळ घेऊन आपली भिंतच पाडली. आत काही नव्हतं, नुसती माती. पण दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर त्या पडलेल्या ढिगातून तोच आवाज येत राहिला. फरक इतकाच की आता तो जमिनीलगत होता. त्याने त्याच संध्याकाळी सामान बांधलं. त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. जाण्याआधी एक दिवस गैनी डोळे पुसत आली.

"तूही चल आपा. माझा नवरा म्हणतो, स्टेशनमागे झोपडी बांधू, पण इथे नको."

"झोपडी कुणाच्या जागेवर?"

"रेल्वेच्या."

"म्हणजे पुन्हा कुणीतरी दारात उभं राहून विचारणार, कधी उठताय." सालोमतने मान हलवली. "तू जा. मला जमायचं नाही."

गल्ली रिकामी झाली. सालोमत पहाटे नान भाजायची, स्टेशनवर विकायची, दुपारी घरी यायची. भिंतीतल्या आवाजाची तिला सवय होत चालली होती. तिला खरी काळजी लागली ती इनोबतची.

पोर दुपारी झोपेनाशी झाली. भिंतीला कान लावून बसायची आणि मध्येच गालात हसायची. एकदा जेवायला बसताना तिने तिसरा वाडगा मांडला आणि आईने बघितल्यावर तो उचलून ठेवला. एकदा कणीक मळताना ती कसलंसं गाणं गुणगुणत होती. सूर ओळखीचा नव्हता आणि शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते.

"कुठे शिकलीस?"

"असंच. रोज ऐकते ना."

"काय म्हणतात ते?"

इनोबतने जरा विचार केला. "त्या विचारतात... कधी निघणार."

"कोण त्या?"

"घरातल्या."

"घरातल्या आपण आहोत, इनोबत."

"हो," पोर शांतपणे म्हणाली. "त्यासुद्धा तेच म्हणतात."

त्या दिवसापासून सालोमतने तिला ओसरीवर झोपवायला सुरुवात केली. पण एक दुपार अशी आली की उन्हाने सालोमतला ग्लानी आली. जाग आली तेव्हा शेजारची चटई रिकामी होती. भिंतीतला थापण्याचा आवाज बंद होता. सगळीकडे इतकं शांत की अंगणात पिकलेलं जर्दाळू पडलेलं ऐकू आलं.

ती खोलीत गेली. इनोबत पश्चिमेच्या भिंतीशी उभी होती, कपाळ गिलाव्याला टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भिंतीत होता. भिंत फुटलेली नव्हती, तडा नव्हता. ओल्या चिखलात हात घालावा तसा तो त्या वाळून दगड झालेल्या भिंतीत गेला होता, आणि हाताभोवतीचा गिलावा काळसर ओला दिसत होता.

"इनोबत..."

"आई," पोर वळून न बघता म्हणाली, "आत किती गार आहे."

सालोमतने तिच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. हात हलेना. आतून कुणी हिसका देत नव्हतं, कुणी खेचत नव्हतं. फक्त धरून ठेवलं होतं, पाहुणीला आग्रहाने बसवून घ्यावं तसं. सालोमतने भिंतीवर पाय रोवला आणि सगळं अंग मागे टाकलं. दोघी फरशीवर कोसळल्या. वर भिंत कोरडी होती, नेहमीसारखी, भुशाच्या काड्या दिसणारी. इनोबतच्या बोटांना सातूची कणीक लागली होती. ओली, ताजी.

सालोमतने तो हात पाण्याने धुतला, राखेने घासला, पुन्हा धुतला. इनोबतला काही आठवत नव्हतं. ती एवढंच विचारत होती, आई, तू थरथरतेस का.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोतिबोल्दी गाडी घेऊन हजर झाला. गल्ली रिकामी झाल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"चल," तो म्हणाला. "खोली झाडून घेतलीय. फार बोलत नाही मी. चूक झाली, माणसाकडून होते. सामान भर."

सालोमत आत गेली. गाठोडं बांधलं, ते इनोबतच्या हातात दिलं, तिला बुरख्यात गुंडाळून गाडीवर बसवलं. मग ती मागे सरकली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"पोरीला घेऊन जा, भावजी. रात्री जाऊबाईंच्या कुशीत झोपवा. उद्या मी न्यायला येईन."

"आणि तू?"

"मी घरी आहे."

सोतिबोल्दी तिच्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात काळजीसारखं काही आलं. "सालोमत, खुळ्यासारखं करू नकोस. इथे काहीतरी वावरतंय. सगळं गाव बोलतंय. एखाद्या दिवशी मरून पडशील."

"मग न्यायला याल तेव्हा याच दारातून न्या. दुसऱ्याच्या अंगणातून माझा जनाजा निघणार नाही."

गाडी गेली. इनोबत वळून वळून बघत होती. सालोमतने दार लावलं, कडी घातली, आणि तंदूर पेटवायला बसली.

ऊन चढत गेलं. तिने परात खोलीत आणली आणि पश्चिमेच्या भिंतीसमोर बसून कणीक मळायला घेतली. ती नेहमीपेक्षा जास्त जोराने मळत होती. भोंगा वाजला. गाव आडवं झालं. बाहेर एक पानही हलत नव्हतं.

थप... थप... थप...

सालोमतने गोळा उचलला आणि थापायला लागली. काही वेळ दोन्ही आवाज वेगवेगळे चालले. मग भिंतीतला आवाज तिच्या आवाजाला येऊन मिळाला. एका ओळीत बसून दोन बायका भाकरी करताहेत, असा ताल लागला. सालोमतच्या मानेवरून घाम उतरत होता, आणि तो गार होता.

ती थांबली. भिंत थांबली.

गिलावा मधोमध काळवंडू लागला. ओल पसरत गेली. खांदे, मान, डोक्यावर बांधलेलं फडकं. माणसाच्या उंचीची ओल. तिथून गार हवा आली, तळघरातल्या माठाजवळ येते तशी, आणि त्या भाजून काढणाऱ्या दुपारी सालोमतचं सगळं अंग त्या गारव्याकडे झुकलं. ती फरशीवर तळहात दाबून बसून राहिली.

मग बाईचा आवाज आला. भाषा कळत नव्हती, पण विचारणं कळत होतं. रागाचं नव्हतं ते. जेवण होऊन, फळं कापून होऊन, चहा ओतून झाला तरी न उठणाऱ्या पाहुणीला घरची बाई जितक्या गोड आवाजात विचारील, तितकंच गोड. कधी निघणार?

"मी नाही निघणार," सालोमत म्हणाली. तिने घसा साफ केला. "ऐकू आलं का? नाही निघणार."

पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिच्या जोडीला म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. मग पोरांचे. मग शेजारच्या रिकाम्या घरातून, समोरच्या गैनीच्या घरातून, तोलाईवाल्याच्या पाडलेल्या ढिगाऱ्यातून. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या भिंती एकाच सुरात, न चढता, न ओरडता, तिला एकच गोष्ट विचारत होत्या. खोलीच्या चारही बाजूंनी ओल उतरायला लागली. कोनाड्यातले कप खुळखुळले. सालोमतला वाटलं, आता आपण उठणार, कडी काढणार आणि उन्हातून धावत सुटणार, दिराच्या तबेल्यापर्यंत.

ती उठली खरी. पण दाराकडे गेली नाही.

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. "माझं ऐका. माती तुमची होती, मी खोटं बोलणार नाही. मीच खणून आणलीय. पण ती टेकाड होऊन पडली होती, बकऱ्या चरत होत्या तिच्यावर. मी ती वाहून आणली, पायाने तुडवली, माझ्या पोरीने पाणी घातलं तिला. आणि तुम्ही कुणाच्या मातीतून बांधलं होतं? त्यांना विचारलंत, कधी निघणार म्हणून?"

आवाज थांबले नाहीत, पण विस्कटले. काही मागे पडले.

"मला हे विचारणारे पुष्कळ झाले," सालोमतचा आवाज आता तिच्या मूळच्या पट्टीत आला होता, स्टेशनवर नान विकताना असायचा तो. "जिवंत होते ते. हातात माझ्या खोलीची किल्ली असायची त्यांच्या. त्यांचं ऐकून घेतलं, कारण घर त्यांचं होतं. हे माझं आहे. इथून मला कुणी उठवायचं नाही. मेलेल्यांनीही नाही आणि जित्यांनीही नाही. आणि माझ्या पोरीला पुन्हा हात लावलात, तर ही भिंत पाडून पाटात वाहवून देईन, मग शोधा आपलं घर माशांच्या पोटात."

ती वाकली, थापलेली नान उचलली आणि पूर्ण हाताने त्या ओलीच्या मधोमध, छातीच्या जागी, भिंतीवर मारली. तंदुरात मारतात तशी.

चर्रर्र आवाज झाला. गार भिंतीवर नान फुगली. कडा वर आल्या, पापुद्र्यावर तांबूस ठिपके उमटले, वाफ निघाली. सालोमत बघत राहिली. भाजून झाल्यावर नान खाली पडली नाही. ती हळूहळू आत गेली. खिडकीतून कुणी ताट आत घ्यावं, तशी सरळ, न तुटता.

"शेजारधर्म म्हणून देईन," सालोमत म्हणाली. "रोज एक. पण उंबरा माझा."

गल्लीत एकेक भिंत गप्प होत गेली. शेवटी ही एकच उरली. ओल आटत चालली. खूप वेळाने आतून पुन्हा आवाज आला.

थप... थप...

सालोमत खाली बसली आणि तिथेच राहिली, दुसरा भोंगा होईपर्यंत, कणकेने भरलेले हात मांडीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी ती जाऊन इनोबतला घेऊन आली. सोतिबोल्दीने दोघींना दारापर्यंत सोडलं, आत मात्र पाऊल टाकलं नाही.

"आता विचारत नाहीत," इनोबत काही दिवसांनी म्हणाली, आणि हळूहळू तिला दुपारची झोप लागू लागली.

हिवाळा सरला. नवरोजला वस्तीचा कारकून फिरला तेव्हा सालोमतच्या धुराड्यातून धूर निघत होता, आणि जागा तिच्या नावावर लागली. त्याआधीच गैनी परत आली होती. "आपा, काय केलंस?" तिने विचारलं. सालोमतने सांगितलं: एक नान द्यायची आणि स्पष्ट नाही म्हणायचं, मिंध्यासारखं नाही. गैनीने घरात जाऊन इतक्या मोठ्याने नाही म्हटलं की गल्लीच्या टोकाला ऐकू आलं. बाकीचेही एकेक करून परतले. टेकाडाचं शेवटचं ढेकूळही उचललं गेलं, त्या सपाट जागेवर पॉप्लरची रोपं लागली आणि आणखी एक गल्ली आखली गेली.

इनोबतचं लग्न ठरलं ते शरदात. मुलगा कारखान्यात इंजिन सांभाळायचा. लग्नाच्या जेवणाचा पलाव त्याच अंगणात शिजणार होता. सोतिबोल्दी ओसरीवर बसून चहा पिऊन गेला, या वेळी जोडे काढून.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सालोमत आणि गैनी खोली सजवायला लागल्या. लोकरीच्या जाड जाजमासारखा एक नमदा होता, घर बांधल्यावर सालोमतने किरगीझ बायकांकडून या खोलीच्या मापाचा करून घेतलेला. तो दोघींनी अंगणात नेऊन झोडपला, उन्हात टाकला, संध्याकाळी आणून अंथरला. तीन बाजूंना तो नीट बसला. चौथ्या बाजूला, पश्चिमेला, त्याची कड वीतभर भिंतीवर चढली.

त्यांनी तो फिरवून पाहिला. पुन्हा पश्चिमेलाच वीतभर जास्त.

"आपा, नमदा वाढलाय वाटतं," गैनी म्हणाली.

"नमदा वाढत नाही."

"मग...?"

सालोमतने भिंतीकडे बघितलं. गिलावा गुळगुळीत होता, कोरडा होता, एकही तडा नव्हता. आत कुणीतरी शांतपणे पीठ चाळत होतं.

तिने मोठी कात्री आणली. गुडघ्यावर बसून, भिंतीलगत, सरळ रेषेत नमद्याची कड कापून टाकली आणि तो तुकडा तंदुरात भिरकावला. कात्री तिने पुन्हा पेटीत ठेवली नाही. त्याच भिंतीतल्या कोनाड्यात, सहज हाताला येईल अशी, टोक आत करून ठेवली.